ओल्या माणसाला खिसा नसतो

कोलाडला कुंडलिका नदीच्या काठाला रबरी होडी टेकते आणि आठ माणसं निथळत खाली उतरतात. बारा-चौदा किलोमीटर लाटांचे तडाखे खाऊन आलेली ही मंडळी कधी डोंबिवलीची असतात, कधी कोथरूडची. कधी नवी मुंबईतल्या एखाद्या कंपनीची टीम असते. पहिल्याच मोठ्या धारेला तिचा मॅनेजर पाण्यात पडलेला असल्यामुळे उरलेले सात जण कमालीचे खुशीत असतात. लाइफ जॅकेटची बक्कलं सोडता सोडता सगळ्यांची नाकं एकाच दिशेला वळतात. काठावरच्या टपरीत कांदाभजीचा घाणा नुकताच निघालेला असतो. भूक सडकून लागलेली असते आणि आठ जणांत मिळून एक रुपया नसतो.

पाकिटं कॅम्पवर राहिलेली. फोन गाडीत. गाडीची किल्ली ज्याच्याकडे, तो ऐनवेळी पोटात दुखतं म्हणून नदीवर आलेलाच नाही.

टपरीवाल्या मावशींना हे रोजचंच आहे. "खावा आधी," त्या म्हणतात. होडी उलटी करून पाणी काढणारा गाइड लांबूनच मान डोलावतो, मावशी आठ बशा मांडतात आणि हिशेबाची नोंद होते. कागदावर नाही, मावशींच्या डोक्यात: निळी हेल्मेटं, आठ भजी, सात चहा, एक बिनसाखरेचा. बिनसाखरेचा म्हणजे मॅनेजर. पैसे मागाहून कॅम्पवरून येतात आणि बरोबर येतात.

ज्याला खिसाच नाही अशा माणसाकडून पैसे घ्यायचे कसे, हा करमणुकीच्या धंद्यातला फार जुना आणि फार महागडा प्रश्न आहे. त्यावर मोठमोठ्या कंपन्यांनी डोकी आणि डॉलर खर्च केले, मनगटात पट्टे घातले, एका ठिकाणी तर चक्क दंडात चिप टोचली. मावशींनी तो मान डोलावण्यावर सोडवला आहे. पण मावशींची पद्धत शेअर बाजारात नोंदवता येत नाही, म्हणून तिच्यावर परिसंवाद होत नाहीत.

कोलाड हे रायगड जिल्ह्यात रोहा तालुक्यातलं, मुंबई-गोवा महामार्गावरचं गाव. मागच्या पिढीला ते रोह्याकडे आत वळायचं ठिकाण म्हणून ठाऊक होतं. १९९९ साली कोकण रेल्वेनं मालाने भरलेले ट्रक थेट गाडीवर चढवून गोव्याला पोचवायची रो-रो सेवा इथून सुरू केली, तेव्हा ट्रकवाल्यांना ते ठाऊक झालं. आता शनिवार-रविवारवाल्यांना ते राफ्टिंगसाठी ठाऊक आहे. महामार्गाच्या चौपदरीकरणाचं काम २०११ पासून चालू आहे, त्यामुळे राफ्टिंगचा थोडा सराव पेण-वडखळच्या बाजूलाच फुकटात होऊन जातो.

इथली नदीही साधीसुधी नाही. मुळशी धरणाचं पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून खाली भिऱ्याला येतं, तिथल्या टाटांच्या वीजघरात जनित्रं फिरवतं आणि मग कुंडलिकेच्या खोऱ्यात उतरतं. भिऱ्याचं वीजघर १९२७ सालचं. ज्या धरणाविरुद्ध मुळशी पेट्यातल्या मावळ्यांनी १९२१ साली सत्याग्रह मांडला आणि सेनापती बापट तुरुंगात गेले, त्याच धरणाचं पाणी वीज देऊन झाल्यावर आज हेल्मेट घातलेल्या लोकांना किंचाळायला लावतं. पाणी सकाळी सुटतं. सुटलं की होड्या सुटतात. उशिरा पोचलात तर नदीत दगड दिसू लागतात आणि गाइड घड्याळाकडे बघून खांदे उडवतो. थोडक्यात, डिस्नेच्या अभियंत्यांनी खोटी नदी बांधून तिला बटण बसवलं; कोलाडला नदी खरी आहे, बटण भिऱ्याला आहे.

आता कोणी म्हणेल, एवढी अडचण आहे तर फोन बरोबर न्यावा. नेतात की! गळ्यात पारदर्शक प्लास्टिकची पिशवी, पिशवीत फोन. होडीत हा माणूस सगळ्यांकडे दयार्द्र नजरेनं बघत असतो. टपरीवर पोचल्यावर त्याची परीक्षा सुरू होते. पिशवीत वाफ धरलेली असते, त्यामुळे कॅमेऱ्याला क्यूआर कोड दिसत नाही. मावशींच्या जागी पांढरं धुकं दिसतं. फोन बाहेर काढावा तर बोटं ओली. आजकालचा पडदा बोटातल्या विजेच्या सूक्ष्म फरकावर चालतो आणि पाण्याच्या थेंबालाही तो बोटच समजतो. परिणामी पिनचा पहिला आकडा माणूस टाकतो, दुसरा कुंडलिका टाकते. अंगठ्याचा ठसा चालवावा, तर दोन तास पाण्यात राहून अंगठ्याचा मनुका झालेला. फोन त्याला ओळखत नाही. खरं तर त्या अवस्थेत बायकोही ओळखत नाही.

यातूनही जो पार पडतो त्याला खोऱ्यातलं नेटवर्क भेटतं. पडद्यावर चक्र गोल फिरत राहतं. पैसे कटल्याचा संदेश येतो, पण मावशींचा बोलका डबा गप्प. भिडू फोन पुढे करून दाखवतो. मावशी तो बघत नाहीत. चष्मा घरी आहे आणि पडद्यावरच्या हिरव्या खुणेवर त्यांचा विश्वास नाही. डबा बोलला की पैसे आले, एवढंच त्यांना मान्य. मग आठ ओली माणसं आणि एक मावशी डब्याकडे टक लावून उभी राहतात. अखेर कधीतरी तो खणखणीत आवाजात रक्कम जाहीर करतो आणि पलीकडच्या काठावरच्या गुराख्यालाही कळतं की मॅनेजरनं सात जणांना दोनशे चाळीसात गुंडाळलं.

म्हणून यूपीआय वाईट असं कोणी म्हणणार नाही. २०१६ साली सुरू झालेली ही व्यवस्था ऑगस्ट २०२५ मध्ये एका महिन्यात दोन हजार कोटींच्या वर व्यवहारांना पोचली, आणि त्यातले कितीतरी व्यवहार चहा-भज्यांच्याच पातळीवरचे असतात. पण तिची सगळी भिस्त फोनवर, फोनची कोरड्या हातावर. करमणुकीचा अर्थ मात्र दिवसेंदिवस भिजणे असाच होत चालला आहे.

भिजलेल्या माणसाचा पहिला पक्का विचार फ्रेंचांनी केला. क्लब मेडिटेरानी ही कंपनी १९५० साली निघाली. समुद्रकाठी तंबूंची वसाहत, सगळा खर्च आधीच भरलेला, आणि लोक दिवसभर पोहण्याच्या कपड्यांत. जेवण पैशांत धरलेलं, पण मद्याचे पैसे वेगळे. ते कसे घ्यायचे? त्यांनी पाहुण्यांच्या गळ्यात प्लास्टिकच्या मण्यांच्या माळा घातल्या. प्यायचं असेल तर मणी तोडून द्यायचा. गळ्यातली माळ जसजशी आखूड होई तसतशी पाहुण्याची तब्येत सर्वांना दिसे. अंगावर घालायच्या पैशाचा हा अस्सल नमुना, तोही चिपशिवाय, बॅटरीशिवाय, नेटवर्कशिवाय.

रायगड-रत्नागिरीतल्या आज्यांना मात्र यात नवल वाटलं नसतं. पुतळ्यांची माळ म्हणजे गळ्यात घातलेली मुदत ठेवच होती. घरात अडचण आली की एक पुतळी कमी व्हायची आणि उरलेल्या जरा सैल ओवल्या जायच्या, म्हणजे लग्नकार्यात कोणाच्या डोळ्यांवर येऊ नये. फरक इतकाच की क्लबातला पाहुणा मणी संपवायला आलेला असे, आणि आजी पुतळी न संपावी म्हणून आयुष्यभर झटे.

अमेरिकेत डिस्नेलँड १९५५ साली उघडलं. तिथे पुढे कित्येक वर्षं कुपनांची पुस्तकं चालत. साध्या पाळण्याला 'ए' अक्षराचं कुपन, सगळ्यात भन्नाट गोष्टींना 'ई' अक्षराचं. १९८२ साली ही कुपनं पूर्ण बंद झाली आणि एकदा दारात पैसे मोजले की आत काहीही फिरा, ही पद्धत आली. कंपनीनं १९८७ पासून स्वतःचे डॉलरही छापले. मिकी माउसचं चित्र असलेले ते डॉलर लोक खर्च करायचे विसरून आठवण म्हणून घरी नेऊ लागले. ग्राहक पैसे देतो, बदल्यात कागद नेतो आणि तो फ्रेम करून भिंतीला लावतो. यापेक्षा सुखाचा धंदा शोधून सापडणार नाही. २०१६ साली तो बंद झाला.

त्याआधीच, २०१३ मध्ये, फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डमध्ये मॅजिकबँड आला. मनगटात रबरी पट्टा, पट्ट्यात चिप. खोलीचं दार त्यानं उघडायचं, उद्यानात शिरायचं त्यानं, खेळण्याची आगाऊ नोंद त्यावर, आणि बर्गरचे पैसेही त्यावरच. या सगळ्या व्यवस्थेवर सुमारे शंभर कोटी डॉलर खर्च झाल्याच्या बातम्या तेव्हा होत्या. सुरुवातीला त्यांच्या हॉटेलांत उतरणाऱ्यांना पट्टा फुकट मिळे. २०२१ पासून तो विकत झाला. सवय लावायची फुकट आणि सवय लागली की दर सांगायचा, ही रीत चहाच्या मळेवाल्यांपासून चालत आलेली आहे, तिला डिस्ने अपवाद ठरलं नाही. २०१७ मध्ये युनिव्हर्सलनं ऑरलँडोला व्होल्केनो बे नावाचं जलउद्यान काढलं. तिथला पट्टा रांगेतही तुमच्या वतीनं उभा राहू लागला. तुम्ही पाण्यात डुंबायचं, नंबर आला की मनगट सांगतं.

आणि दंडातली चिप? तीही खरीच. बार्सिलोनातल्या बाहा बीच क्लबनं २००४ मध्ये खास गिऱ्हाइकांच्या दंडात तांदळाच्या दाण्याएवढी चिप टोचून द्यायला सुरुवात केली. कारण पुन्हा तेच: पोहण्याच्या कपड्यांना खिसे नाहीत. हात यंत्राजवळ नेला की बिल खात्यावर. रायगड जिल्ह्यात अजून कोणी अशी मागणी केल्याचं ऐकिवात नाही. इथे पेयाची उधारी टोचून घ्यावी लागत नाही, ती आपसूक अंगाला लागते.

आपल्याकडेही मनगटापर्यंत मजल गेलेली आहे. २०२० च्या सप्टेंबरात स्टेट बँक आणि टायटननं मिळून पैसे देणारं घड्याळ आणलं. पुढच्या मार्चमध्ये ॲक्सिस बँकेनं पट्टा, किल्लीची साखळी आणि घड्याळाला अडकवायची पट्टी बाजारात आणली. तोवर रिझर्व्ह बँकेनं पिन न टाकता नुसतं टेकवून द्यायची मर्यादा दोन हजारांवरून पाच हजारांवर नेली होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईतल्या ग्लोबल फिनटेक फेस्टमध्ये तर पैसे देणारा चष्मा दाखवला गेला. समोरच्या क्यूआर कोडकडे बघायचं, तोंडानं सांगायचं, यूपीआय लाइटमधून छोटी रक्कम गेली. याचा पहिला फटका आपल्या कापडवाल्यांना बसणार आहे. "या ना ताई, बघायचे काय पैसे पडतात?" हे वाक्य आता जपून बोलावं लागेल.

पट्ट्याची आतली करामत मात्र साधी आहे आणि म्हणूनच ती पाण्यात टिकते. त्यात बॅटरी नसते. यंत्राजवळ नेलं की यंत्राच्याच चुंबकीय क्षेत्रातून चिपला क्षणभर पुरेल एवढी वीज मिळते, तेवढ्यात ती आपला क्रमांक सांगून मोकळी होते. अंतर दोन-चार सेंटिमीटरचं, त्यामुळे शेजारून जाणाऱ्याच्या खात्यातून तुमच्या भज्यांचे पैसे जायची भीती नाही. चार्जिंग नको, पडदा नको, अंगठ्याचा मनुका झाला तरी हरकत नाही. ओल्या माणसासाठी यापरतं सोयीचं काही नाही, हे मान्यच करायला हवं.

मग कोलाडला पट्टे का नाहीत? कारण थीम पार्कला कुंपण असतं. एक दार, एक मालक, एक गल्ला. खालापूर तालुक्यात खोपोलीजवळ २०१३ साली उघडलेलं इमॅजिका घ्या. तेही रायगड जिल्ह्यातच, पण तिथे भिंतीच्या आतला प्रत्येक समोसा एकाच घराचा असू शकतो. मालकानं ठरवलं की उद्यापासून सगळं पट्ट्यावर, की झालं. कुंडलिकेला कुंपण कुठून घालणार? होड्या एकाच्या, कॅम्प दुसऱ्याचा, तारेवरून सरकायचा खेळ तिसऱ्याचा, भजी मावशींची, उकडलेलं कणीस मावशींच्या जावेचं, आणि जावेशी बोलणं बंद. या सगळ्यांचा एक पट्टा काढायचा तर आधी या सगळ्यांची एक बैठक घ्यावी लागेल, आणि ती बैठक घ्यायला लवाद लागेल.

शिवाय यंत्र. मनगट टेकवायला समोर काहीतरी लागतं. क्यूआरचा कागद खिळ्याला लटकला की काम भागतं. टेकवायच्या यंत्राला चार्जिंग हवं, भाडं आहे, आणि पुष्कळदा पैसे खात्यात दुसऱ्या दिवशी येतात. मावशींचं बेसन आज संपतं.

पट्ट्यात रक्कम नसते, रक्कम सर्व्हरवर असते, हेही लक्षात ठेवायला हवं. सर्व्हर बंद तर मनगटात नुसतं रबर. रायगडकरांना हे कोणी समजावून सांगायची गरज नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूनं जिल्ह्यात घुसलं. विजेचे खांब आडवे झाले, मोबाइलचे मनोरे मुके झाले, आणि गावोगाव कित्येक दिवस दिवा लागला नाही. त्या दिवसांत पत्रा, मेणबत्त्या आणि ताडपत्री ज्याच्याकडे नोटा होत्या त्याला मिळाली. नाहीतर दुकानदार ओळखीचा असावा लागे. नेटवर्क नसतानाही चालणाऱ्या छोट्या रकमांची सोय रिझर्व्ह बँकेनं त्यानंतर, २०२२ मध्ये केली. वादळाला तेवढी कळ निघाली नव्हती.

नोटांशिवाय राहायचा प्रयोगही जवळपास होऊन गेलेला आहे. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातलं धसई हे गाव नोटाबंदीनंतर, १ डिसेंबर २०१६ ला, राज्यातलं पहिलं रोकडरहित गाव म्हणून जाहीर झालं. वडापाव कार्डावर मिळतो याचे फोटो सगळ्या वर्तमानपत्रांनी छापले. काही महिन्यांनी तीच वर्तमानपत्रं पुन्हा गेली तेव्हा कार्डाची यंत्रं बऱ्याच ठिकाणी फडताळात होती आणि वडापाव सुट्या पैशांवर आला होता. पण गंमत पुढेच आहे. ज्या खेड्यापाड्यांनी कार्ड नाकारलं, त्यांनीच पुढे चार-पाच वर्षांत क्यूआरचा कागद आपण होऊन भिंतीला लावला. सरकारनं आणलेलं यंत्र परत जातं आणि भाच्यानं बसवून दिलेलं ॲप राहतं, असा या विषयातला आजवरचा अनुभव आहे.

या सगळ्यात नोटेवर जरा अन्याय होतो. आपली नोट कागदाची म्हणतात, पण ती बनते कापसापासून. त्यामुळे ती भिजते, वाळते आणि पुन्हा चालते. शर्टाच्या खिशात राहून वॉशिंग मशीनची सफर करून आलेली शंभराची नोट मऊ होते, पण नव्वदची होत नाही. जलउद्यानांच्या आरंभीच्या काळात, गोराईला वॉटर किंगडम निघालं त्या १९९८ च्या आसपास, भाड्याच्या नायलॉनी पोशाखात घडी करून लपवलेली नोट काढून ती कठड्यावर वाळत घालणारे काका ठिकठिकाणी दिसत. नोट वाळेपर्यंत ते तिथून हलत नसत. तेवढा वेळ खर्चही होत नसे.

आणि खरी मेख इथेच आहे. ड्रेझन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर या दोघांनी एमआयटीतल्या विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. बास्केटबॉलच्या सामन्याच्या तिकिटांसाठी बंद पाकिटातून बोली मागवली. काहींना सांगितलं रोख द्यावे लागतील, काहींना सांगितलं कार्ड चालेल. कार्डवाल्यांनी रोखवाल्यांच्या दुपटीहून जास्त बोली लावली. तिकीट तेच, मुलंही तशीच, फक्त पाकिटातून नोट निघताना जी कळ येते ती गेली. पट्ट्यानं तर पाकीट उघडायचीही कळ घालवली. ओल्या माणसाची सोय होते हे खरंच, पण ओल्या माणसाच्या काळजीपोटी कोणी शंभर कोटी डॉलर घालत नाही.

समजा, पाच-सात वर्षांनी कोणा अनाम उद्यानात सगळं पट्ट्यावर आलं आहे आणि रोह्याहून एक कुटुंब तिथे निघालं आहे: आई, बाबा, इयत्ता पाचवीतली मुलगी आणि एसटीतून निवृत्त झालेले आजोबा. दारात पिशव्या तपासल्या जातात. मेथीचे पराठे बाहेर राहतात. बाबा तीन हजारांचा रिचार्ज करतात, चौघांच्या मनगटात चार रंगांचे पट्टे येतात. मुलीच्या पट्ट्यावर मर्यादा घालावी की नाही यावर आई-बाबांत तिथेच चर्चा होते. अमेरिकेत डिस्नेच्या पट्ट्यावर खरेदी करायची तर पिन घालावा लागतो आणि मुलांचा पट्टा खर्चापुरता बंदही ठेवता येतो. बाबांना हे माहीत नाही, काउंटरवरच्या मुलाला घाई आहे, आणि मुलीला दोन्ही गोष्टी कळलेल्या आहेत.

अकरा वाजता पहिलं आइस्क्रीम. टिंग! सव्वा अकराला पाण्याची बाटली. टिंग! मुलीला त्या आवाजाचीच गोडी लागते. बाराच्या सुमाराला ती एका अनोळखी मुलालाही मक्याचे दाणे देते, कारण दान करताना काही कमी झाल्यासारखं वाटतच नाही.

आजोबांचं वेगळं चाललेलं असतं. ते प्रत्येक टिंगनंतर पावती मागतात. पावती निघत नाही, ॲपवर दिसेल, असं उत्तर येतं. ॲप बाबांच्या फोनवर, फोन लॉकरमध्ये, आणि लॉकर उघडतो पट्ट्यानं. दर खेपेला दहा रुपये. आजोबा खिशातल्या डायरीत पेन्सिलीनं मांडत राहतात. तीस वर्षं तिकिटांचा ट्रे आणि चामडी पिशवी सांभाळून रोज संध्याकाळी रोख पैशासकट जुळवून दिलेला हा माणूस, त्याला टिंग हा आवाज हिशेबाचा वाटत नाही, सायकलच्या घंटीचा वाटतो.

संध्याकाळी निघताना चार पट्ट्यांत मिळून चाळीस रुपये उरतात. चाळीस रुपयांना आत काहीच मिळत नाही. सर्वांत स्वस्त चहा साठ रुपयांचा. इथे दोनच वाटा असतात: वीस रुपये भरून नको असलेला चहा प्यावा, किंवा चाळीस सोडून द्यावेत. बहुतेक लोक सोडतात. दिवसाला हजारो माणसं येत असतील तर प्रत्येकाच्या मनगटात राहून गेलेल्या रकमेचं काय होतं, याचा विचार बाबा करत नाहीत. आजोबा करतात.

या बाबतीत कायदाही उद्यानाच्या सोयीचा आहे. एखाद्या आस्थापनेनं फक्त स्वतःकडच्या वस्तूंसाठी काढलेलं आगाऊ भरणीचं साधन, म्हणजे आपला हा पट्टा, काढायला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागत नाही, आणि त्यातून रोख काढायची सोय नसते. नोटेवर निदान गव्हर्नर धारकाला तेवढे रुपये अदा करण्याचं वचन देऊन खाली सही करतात. पट्ट्यावर कोणाचीच सही नाही. वचन तर नाहीच; उलट मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेलं असतं की शिल्लक परत मिळणार नाही.

आजोबांना ही गोष्ट विशेष लागते, कारण ते रोह्याचे आहेत. चिंतामणराव देशमुख १८९६ साली रायगडाजवळच्या नाते गावी जन्मले आणि त्यांचं बालपण रोह्यात गेलं. १९४३ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि १९४९ पर्यंत त्या खुर्चीवर होते. म्हणजे एके काळी देशभरात फिरणाऱ्या नोटांवर वचन रोहेकराच्या सहीनं दिलेलं असे, आणि ज्या गावच्या माणसाची सही पेशावरपासून मद्रासपर्यंत चालली, त्या गावचा म्हातारा चाळीस रुपयांसाठी 'बारीक अक्षरं वाचा' हे उत्तर ऐकून घेणार नाही.

"परतावा कुठे मिळतो?" आजोबा विचारतात.

खिडकी शोधायला पंचवीस मिनिटं लागतात, कारण ती स्वच्छतागृहांच्या मागे आहे आणि तिच्यावर पाटी नाही. खिडकीतला मुलगा नम्र आहे. "आजोबा, रोख नाही देता येत. मूळ खात्यात जमा होतील. सात कामकाजाच्या दिवसांत."

"आज काय वार?"

"शनिवार."

"शनिवार कामकाजाचा?"

मुलगा आत विचारून येतो. आत कोणालाच नक्की माहीत नसतं. बाबा घाईनं म्हणतात, अहो, जाऊ द्या, चाळीस रुपये तर आहेत. आई म्हणते, बस चुकेल. मुलगी आपला पट्टा खिडकीच्या यंत्रावर टेकवून बघते. टिंग होतं, आणि शिल्लक तीस होते, कारण यंत्र लॉकरचं असतं.

आजोबा डायरीत तो आकडा मांडतात, पलीकडची प्लास्टिकची खुर्ची ओढून खिडकीसमोर बसतात, आणि सुनेला म्हणतात, "तुम्ही व्हा पुढे. दारात ते पराठे राहिलेत, तेवढे पाठवून द्या. सात दिवस म्हणाला ना तो, बसतो मी."